प्रिपोझिशनच्या चुका आणि ‘मातृभाषेचा प्रभाव’ नावाचं तयार उत्तर

पेटचा निकाल लागला, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस द्यायचा आहे. अशा वेळी इंग्रजी विभागात एक विषय हमखास पुढे येतो. अमुक तालुक्यातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांच्या लेखनातल्या प्रिपोझिशनच्या चुका. विषय वाईट नाही. विद्यार्थी हाताशी असतात, पेपर हाताशी असतात, आणि चुकांची वानवा तर कधीच नसते. शिवाय हा प्रश्न वर्गातून आलेला आहे. शिकवणाऱ्याला रोज टोचणारा आहे. त्यामुळे या विषयाला नाक मुरडण्याचं कारण नाही.

माझी तक्रार त्या विषयावर काम करण्याच्या ठरलेल्या पद्धतीबद्दल आहे. या लेखात त्या पद्धतीची जरा कडक तपासणी करू या. तुमच्यापैकी कुणी याच विषयावर सिनॉप्सिस लिहीत असेल तर आरआरसीसमोर बसण्याआधी हे एकदा वाचून घ्या.

साचा कसा असतो?

पहिल्या प्रकरणात इंग्रजीचं महत्त्व. दुसऱ्यात पूर्वसंशोधन. तिसऱ्यात शंभर-दीडशे विद्यार्थी, रिकाम्या जागा भरा असा प्रश्नसंच आणि एक निबंध. चौथ्यात तक्ते: ‘इन’च्या चुका इतके टक्के, ‘ऑन’च्या इतके, ‘अ‍ॅट’च्या इतके. पाचव्यात निष्कर्ष: मातृभाषेच्या प्रभावामुळे विद्यार्थी चुकतात, सबब शिक्षकांनी सराव वाढवावा.

आता नीट बघा. चौथ्या प्रकरणात चुका मोजल्या आहेत. पाचव्यात त्यांचं कारण सांगितलं आहे. या दोन्हींच्या मध्ये कारण तपासण्याचं काम व्हायला हवं होतं, आणि ते कुठेच नाही. ‘ऑन’च्या चुका कितीही टक्के निघाल्या असत्या तरी निष्कर्ष हाच आला असता. माहिती काहीही आली तरी जे उत्तर बदलत नाही, ते उत्तर माहितीतून आलेलं नसतं. ते आधीच लिहून ठेवलेलं असतं.

ही काही निव्वळ तर्कटाची गोष्ट नाही. त्या निष्कर्षावर पुढे सरावाची पुस्तिका निघते, ब्रिज कोर्स निघतो. कारण चुकीचं धरलं तर पोरांकडून सरावही चुकीचाच होतो.

पहिला प्रश्न : कुठली मातृभाषा?

उदगीरचंच उदाहरण घेऊ. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. नंतर उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. सीमा सरकल्या, पण माणसं जागेवरच राहिली. आजही इथल्या एका वर्गात घरी मराठी बोलणारा, घरी कन्नड बोलणारा, घरी दखनी बोलणारा आणि तांड्यावरून येणारा, घरी गोरबोली बोलणारा विद्यार्थी एकाच बाकावर सापडू शकतो. प्रश्नसंचावरच्या ‘मातृभाषा’ या रकान्यात मात्र पुष्कळदा सगळे ‘मराठी’ लिहितात, कारण शाळेचं माध्यम मराठी होतं. संशोधकही तेच धरून चालतो.

याने काय बिघडतं ते तीन वाक्यांवरून पाहू.

पहिलं: ‘ही इज अँग्री ऑन मी.’ प्रमाण इंग्रजीत इथे ‘विथ’ हवं. साच्यातलं उत्तर तयार आहे: ‘तो माझ्यावर रागावला’ मधला ‘वर’ इंग्रजीत गेला. बरोबर वाटतं. पण हिंदी-उर्दूतही ‘मुझ पर ग़ुस्सा’ असंच आहे, आणि कन्नडमध्येही राग ‘मेले’, म्हणजे वरच येतो. म्हणजे या चुकीमागे घरची भाषा असेलही, पण ती मराठीच आहे असं या वाक्यावरून ठरत नाही. इथे प्रभाव एका भाषेपेक्षा एका सबंध प्रदेशाचा आहे.

दुसरं: ‘आय अ‍ॅम अफ्रेड फ्रॉम डॉग्ज.’ मराठीत आपण कुत्र्याला घाबरतो किंवा आपल्याला कुत्र्याची भीती वाटते. ‘ला’ किंवा ‘ची’. मराठीचा प्रभाव असता तर ‘टू’ तरी यायला हवं होतं किंवा बरोबर ‘ऑफ’ तरी. ‘फ्रॉम’ येण्याचं मराठीत कारणच नाही. कन्नडमध्येही भिण्याच्या क्रियापदासोबत चतुर्थी येते. ‘से डरना’ आहे ते हिंदी-उर्दूत. तेव्हा हे ‘फ्रॉम’ दखनी बोलणाऱ्या घरातून आलं असेल किंवा हिंदी सिनेमातून, हिंदीच्या तासातून, मोबाईलमधून आलं असेल. भेटणे आणि विचारणे या क्रियापदांचंही असंच आहे. मराठीत ‘त्याला भेटलो’, ‘त्याला विचारलं’; हिंदीत ‘उससे मिला’, ‘उससे पूछा’. ‘आस्क्ड टू हिम’ आणि ‘आस्क्ड फ्रॉम हिम’ या दोन्ही चुका तक्त्यात एकाच घरात पडतात, पण त्यांची मुळं वेगळी असू शकतात. तक्ता ते दाखवतच नाही.

तिसरं: ‘दे डिमांडेड फॉर मनी.’ इथे तर गंमतच आहे. मराठीत ‘पैसे मागितले’. पैशांना काहीच लागलेलं नाही. ‘पैशांची मागणी केली’ म्हटलं तरी ‘ची’ येतो, ‘साठी’ येत नाही. मग हे ‘फॉर’ आलं कुठून? त्याचं उत्तर इंग्रजीतच आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी एक वाचण्याजोगं काम सांगतो. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमधल्या बोलींवर लिहिलेला लेख १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले. त्यांच्या भाषांतले शब्द वेगवेगळे राहिले, पण वाक्याची घडण इतकी जवळ आली की एका बोलीतलं वाक्य दुसरीत जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून नेता येतं. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गात या गावाचं नाव घेतलं जातं. आणि आपण सीमेवरच्याच गावात बसून ‘मातृभाषा : मराठी’ एवढं लिहून पुढे जातो. पुस्तकातली मराठी आणि आपल्या विद्यार्थ्याच्या घरातली मराठी एकच आहे, हे गृहीत धरण्याआधी निदान तपासायला तरी नको का?

दुसरा प्रश्न : चूक इंग्रजीच्या आतूनच आली असेल तर?

आता ‘डिमांडेड फॉर’कडे परत येऊ. इंग्रजीत प्रिपोझिशन कशाला जोडलं जातं ते बघा. ‘अ डिमांड फॉर मनी’ बरोबर आहे, कारण तिथे ‘डिमांड’ नाम आहे. तोच शब्द क्रियापद झाला की ‘फॉर’ गळतं: ‘दे डिमांडेड मनी.’ अशा जोड्या इंग्रजीत ढीगभर आहेत:

- ‘अ डिस्कशन अबाउट द इश्यू’, पण ‘डिस्कस द इश्यू’
- ‘एम्फसिस ऑन ग्रामर’, पण ‘एम्फसाइज ग्रामर’
- ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, पण ‘रिक्वेस्ट लीव्ह’
- ‘अ‍ॅन ऑर्डर फॉर टी’, पण ‘ऑर्डर टी’
- ‘अ‍ॅन अटॅक ऑन द फोर्ट’, पण ‘अटॅक द फोर्ट’
- ‘अ‍ॅन इफेक्ट ऑन हेल्थ’, पण ‘अफेक्ट हेल्थ’

विद्यार्थ्याने नामाची जोडणी शिकली आणि ती क्रियापदालाही लावली. हे अडाणीपण नाही. त्याने नियम ओळखला आणि तो जरा जास्त लांब नेला. लहान मूल ‘कर’वरून ‘करला’ म्हणतं तेव्हा जे घडतं तेच इथे घडतं. जॅक रिचर्ड्स यांनी १९७१ मध्ये नेमका हा मुद्दा मांडला: कितीतरी चुका घरच्या भाषेतून येत नाहीत, शिकल्या जाणाऱ्या भाषेच्या आतूनच तयार होतात. ‘डिस्कस अबाउट’ भारतात ऐकू येतं, तसंच ते नायजेरियात आणि सिंगापुरातही ऐकू येतं. त्या सगळ्यांची मातृभाषा काही मराठी नाही.

पण इथेही घाई नको. ‘अटॅक्ड ऑन द फोर्ट’ ही चूक इंग्रजी नामातून आली असेल किंवा ‘किल्ल्यावर हल्ला केला’ यातूनही आली असेल. दोन्ही कारणं एकाच चुकीकडे बोट दाखवतात. म्हणून चाचणीसाठी शब्द निवडताना अक्कल लागते. ‘डिमांड’, ‘ऑर्डर’, ‘रिक्वेस्ट’ असे शब्द घ्या, जिथे मराठी एक सांगते आणि इंग्रजी नाम दुसरं. विद्यार्थी कुणाच्या मागे जातो ते तिथेच कळेल. चांगल्या प्रश्नसंचाची सगळी ताकद शब्दांच्या या निवडीत असते, विद्यार्थ्यांच्या संख्येत नसते. दीडशे विद्यार्थ्यांना चुकीचे वीस प्रश्न विचारण्यापेक्षा तीस विद्यार्थ्यांना नेमके वीस प्रश्न विचारलेले बरे.

यातलाच एक उपप्रश्न: चूक ठरवणार कोण? ब्रज काचरू यांनी भारतीय इंग्रजी ही स्वतःचे नियम असलेली एक जात आहे, असं आयुष्यभर मांडलं. ते तुम्हाला पटो न पटो, तुमचं मोजमाप कुठल्या इंग्रजीवर आधारलेलं आहे हे पहिल्या प्रकरणात लिहावंच लागेल. आणि यासाठीचं साधन आपल्या महाराष्ट्रातच तयार झालेलं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये ‘कोल्हापूर कॉर्पस’ पूर्ण झाला. १९७८ सालच्या छापील भारतीय इंग्रजीतले सुमारे १० लाख शब्द त्यात आहेत, ५०० उताऱ्यांमध्ये विभागलेले. एखादी जोडणी ‘लातूर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांची चूक’ म्हणण्याआधी ती संपादकांच्या हाताखालून गेलेल्या छापील भारतीय इंग्रजीत होती का, हे तिथे शोधता येतं. असली तर तुमचा निष्कर्षच बदलतो.

तिसरा प्रश्न : मराठी खरंच तशी आहे का?

समजा कारण मराठीच आहे. तरी साच्यातल्या प्रबंधात मराठीचं वर्णन कुठून येतं? शालेय व्याकरणातून किंवा स्पर्धा परीक्षेच्या गाईडमधून. इन म्हणजे ‘त, मध्ये’, ऑन म्हणजे ‘वर’, टू म्हणजे ‘ला’, फॉर म्हणजे ‘साठी’. या यादीत अर्थ आहे, पण जोडणी नाही. आणि आपला विषयच जोडणीचा आहे.

आपली संज्ञाच बघा. इंग्रजी नाव म्हणजे ‘आधी ठेवलेलं’, त्यात जागा सांगितली आहे. मराठी नाव ‘शब्दयोगी’, त्यात जोडणं सांगितलं आहे. मराठीत नुसता क्रम उलटा नाही. जोडताना नामाचं रूप बदलतं: घोडा, पण घोड्यासाठी, शाळा, पण शाळेपुढे, माणूस, पण माणसाकडे. इंग्रजीत नाम ढिम्म हलत नाही, ‘हॉर्स’ तो ‘हॉर्स’च. हलतं ते फक्त सर्वनाम: ‘आय’, पण ‘फॉर मी’, ‘ही’, पण ‘विथ हिम’. म्हणजे रूप बदलणं मराठी मुलाला नवं नाही. नवं आहे ते नामाचं न बदलणं.

सर्वनामांपाशी तर मराठी आणखी पुढे जाते. ‘मी’ला ‘साठी’ थेट लागत नाही. आधी ‘माझा’ येतो, त्याचं ‘माझ्या’ होतं आणि मग ‘माझ्यासाठी’. ‘तुझ्यावर’, ‘आमच्याकडे’, ‘तिच्यामुळे’, सगळीकडे षष्ठी मध्ये उभी आहे. आता पुस्तकात ज्यांना विभक्तीचे प्रत्यय म्हटलं आहे ते लावून बघा: मला, माझ्याशी, माझ्याहून, माझ्यात. ‘ला’ तेवढा थेट जोडला गेला. ‘शी’, ‘हून’, ‘त’ मात्र ‘साठी’ आणि ‘वर’सारखेच ‘माझ्या’ला चिकटले. पूर्वीच्या मराठीत ‘मजशी’, ‘मजहून’ होतं, पण आज बोलताना कुणी तसं म्हणत नाही. म्हणजे आजच्या बोलण्यातल्या सर्वनामांना विचारलं तर प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय यांच्यातली पुस्तकी भिंत भलत्याच ठिकाणी बांधलेली दिसते.

याचा इतिहास आहे. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. संस्कृतची आठ विभक्त्यांची चौकट आणि इंग्रजी व्याकरणातले शब्दांचे वर्ग हे दोन्ही साचे आपल्याकडे शेजारी शेजारी आले. त्यात मराठी नेमकी बसते का, हा वाद अरविंद मंगरूळकर आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे नेला. इंग्रजीच्या प्रबंधात मात्र या वादाचा मागमूस नसतो. तिथे ‘मराठी व्याकरण’ म्हणजे आठ ओळींचा तक्ता. इंग्रजीसाठी आपण परदेशी संदर्भ शोधत बसतो आणि मराठीसाठी नववीचं पुस्तक पुरेसं मानतो. दोन भाषांची तुलना करायची तर दोन्हींना सारखाच मान द्यावा लागेल.

आणखी एक बारकावा. ‘त्यासाठी’ आणि ‘त्याच्यासाठी’ यांत फरक काय? ‘त्यासाठी मी पुण्याला गेलो’ म्हणजे त्या कामासाठी. ‘त्याच्यासाठी मी पुण्याला गेलो’ म्हणजे बहुधा त्या माणसासाठी. ‘त्यामागे’ म्हटलं की कारण असतं, ‘त्याच्यामागे’ म्हटलं की माणूस. बोलताना लांब रूप वस्तूलाही चालतं, पण आखूड रूप माणसाला सहसा चालत नाही. इंग्रजीतही असं काहीतरी होतं: ‘देअरफोर’, ‘देअरबाय’, ‘देअरआफ्टर’. यांत ‘देअर’ वस्तूबद्दल किंवा गोष्टीबद्दलच आहे, माणसाबद्दल नाही. ‘फॉर हिम’च्या जागी ‘देअरफोर’ कधीच येत नाही. इंग्रजीत ही सोय आता कोर्टाच्या कागदांत आणि दोन-चार शब्दांत उरली आहे, मराठीत ती रोजच्या तोंडात आहे. म्हणूनच आपल्या विद्यार्थ्यांच्या निबंधात ‘फॉर दॅट, गव्हर्नमेंट शुड...’ अशी वाक्यं सारखी दिसतात. ते ‘त्यासाठी सरकारने...’ आहे. व्याकरणाने ते चूक म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच चुका मोजणाऱ्या तक्त्यात ते कधीच येत नाही. मराठीचा सगळ्यात स्पष्ट ठसा कदाचित तिथेच असेल.

उलटंही पाहा. ‘बिटवीन यू अँड आय’ ही चूक सापडली की आपण विद्यार्थ्याला ‘मी’ हवं होतं असं सांगतो. पण हीच चूक इंग्रजी मातृभाषा असलेलेही सर्रास करतात. लहानपणी ‘यू अँड मी’ बद्दल टोकलं गेल्यामुळे ते सगळीकडे ‘आय’ लावतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. आपल्या विद्यार्थ्याचं कारण वेगळं असू शकतं. लेखी मराठीत आपण ‘तू आणि मी यांच्यात’ म्हणतो. ‘तू’ आणि ‘मी’ जसेच्या तसे राहतात आणि सगळं ओझं ‘यांच्यात’ उचलतो. चूक एकच, पण दोन माणसं दोन रस्त्यांनी तिथे पोचली. नुसत्या मोजणीत हे रस्ते दिसत नाहीत.

चौथा प्रश्न : शून्य चुका म्हणजे काय?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. रोजच्या इंग्रजीत प्रिपोझिशन आपल्या नामाला सोडून वाक्याच्या टोकाला एकटं उभं राहतं: ‘द रूम आय लिव्ह इन’, ‘द बॉय शी टॉक्ड टू’, ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये याला नाक मुरडलं आणि तेव्हापासून मास्तर लोक त्यावर लाल रेघ मारत आले, पण बोलणाऱ्यांनी ते सोडलं नाही.

मराठीत हे शक्यच नाही. ‘साठी’ किंवा ‘वर’ आपल्या नामाला सोडून वाक्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ शकत नाही. मराठी दोन वेगळ्या वाटा काढते. एक: ‘ज्या खोलीत मी राहतो ती खोली’, यात ‘त’ नामाबरोबरच राहतो. दुसरी: ‘मी राहतो ती खोली’, यात ‘त’ चक्क गायब होतो आणि तरी कुणाचं काही अडत नाही. यातली दुसरी वाट इंग्रजीत नेली तर ‘द रूम आय लिव्ह इज स्मॉल’ असं वाक्य तयार होईल, ‘इन’ गळालेलं. हा अंदाज आहे, आणि तपासण्याजोगा आहे.

पण विद्यार्थ्याने अशी वाक्यं लिहिलीच नाहीत तर? तो लिहील: ‘आय लिव्ह इन अ रूम. इट इज स्मॉल.’ दोन सरळ वाक्यं, एकही चूक नाही. तक्त्यात या रचनेपुढे शून्य लागेल आणि प्रबंधात येईल की या बाबतीत विद्यार्थ्यांना अडचण आढळली नाही. प्रत्यक्षात अडचण इतकी आहे की त्याने त्या गल्लीत पाऊलच टाकलं नाही.

जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ मध्ये हेच दाखवलं. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या संबंधवाचक वाक्यांत चुका कमी होत्या, फारसी आणि अरबी भाषकांच्या जास्त. पण चिनी-जपानी विद्यार्थ्यांनी अशी वाक्यं मुळात खूपच कमी लिहिली होती. ते टाळत होते. म्हणून चुका मोजताना ती रचना एकूण किती वेळा वापरली हेही मोजावं लागतं. टक्के काढायचेच तर ते कशाचे, हे आधी ठरवा.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

विषय सोडू नका, पण आकार बदला.

‘प्रिपोझिशनच्या चुका’ एवढा मोठा गठ्ठा उचलू नका. एक जोडणी घ्या. फक्त नाम आणि क्रियापद यांच्या जोड्या, ‘डिमांड फॉर’सारख्या. किंवा फक्त वाक्याच्या शेवटी येणारं प्रिपोझिशन. किंवा भीती, राग, भेट, विचारणा अशा निवडक शब्दांमागे काय येतं तेवढंच. एका पीएच.डी.ला तेवढं पुरतं. उरलेलं पुढच्या माणसाला ठेवा.

‘मातृभाषा’ हा एक रकाना काढून टाका. त्याऐवजी विचारा: आजीशी कुठल्या भाषेत बोलता? बाजारात? मित्रांशी? सिनेमे कुठल्या भाषेतले बघता? शाळेचं माध्यम काय होतं? मग घरी दखनी बोलणाऱ्यांचा गट आणि घरी मराठी बोलणाऱ्यांचा गट वेगळा करून ‘अफ्रेड फ्रॉम’ कुठे जास्त येतं ते पाहा. दोन्हीकडे सारखंच आलं तर घरच्या भाषेचा दावा ढिला पडला. फरक आला तर तुमच्या हातात खरा पुरावा आला. दोन्ही निकाल छापण्याजोगे आहेत.

एकाच परीक्षेवर विसंबू नका. एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच सांगितलं होतं की घाईत झालेली चूक आणि मनात पक्की बसलेली चूक यांत फरक करा. तोच विद्यार्थी तीच जोडणी निबंधात, बोलण्यात आणि बरोबर-चूक ओळखा या प्रश्नात कशी हाताळतो ते बघा. तिन्हीकडे तेच आलं तर त्याचा स्वतःचा नियम सापडला. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये अशा मधल्या भाषेला, म्हणजे घरचीही नाही आणि शिकायचीही नाही अशा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेला, ‘इंटरलँग्वेज’ असं नाव दिलं. नेटच्या पेपरला हे नाव पाठ करतोच आपण. ते आपल्याच वर्गात बसलेलं आहे, एवढंच ध्यानात येत नाही.

आणि निष्कर्ष लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: कुठली माहिती आली असती तर मी ‘मातृभाषेचा प्रभाव नाही’ असं लिहिलं असतं? याचं उत्तर देता आलं नाही तर प्रश्नसंच अजून तयार झालेला नाही. आरआरसीत कुणी हे विचारेल न विचारेल, बाह्य परीक्षक तोंडी परीक्षेत नक्की विचारू शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तुमच्या निष्कर्षावरून उद्या कुणीतरी तांड्यावरच्या मुलीला मराठी-इंग्रजी फरकाचा सराव देईल. तिच्या घरात मराठी बोललीच जात नसेल तर तो सराव तिच्या काय कामाचा?

पुढच्या लेखात ‘डिमांड’, ‘ऑर्डर’, ‘रिक्वेस्ट’ यांसारख्या शब्दांचा वीस वाक्यांचा एक नमुना प्रश्नसंच कसा बांधायचा ते पाहू. तोवर तुमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत ‘फॉर दॅट’ किती वेळा येतं ते मोजून ठेवा. लाल पेन मात्र लांब ठेवा.